परगांवची वाट आणि हातांतील यंत्र

संस्कृत साहित्यशास्त्रांत नायिकांचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रोषितभर्तृका’ या नांवाचा एक आहे. जिचा पति कामानिमित्त परमुलुखांत गेला आहे, ती प्रोषितभर्तृका. ‘वस्’ म्हणजे राहणें. त्यास ‘प्र’ हा उपसर्ग लागला कीं राहतें घर सोडून दूर राहणें असा अर्थ होतो, आणि आपला ‘प्रवासी’ हा शब्दही त्याच धातूचा. शास्त्रकारांनीं या नायिकेचीं लक्षणें मोठ्या रसिकतेनें वर्णिलीं आहेत. परंतु तिच्या घरीं पैसे कोणत्या मार्गानें येत, कोठारांत धान्य कोण भरी, व पतीच्या खुशालीचें वर्तमान किती महिन्यांनीं पोंचे, याविषयीं ते मौन धरितात. कालिदासाच्या यक्षास एक वर्षाच्या हद्दपारींत निरोप पाठविण्यास मेघाखेरीज कोणी दूत मिळाला नाहीं. तो यक्ष ज्या रामगिरीवर कालक्रमणा करीत होता तो म्हणजे नागपूरजवळचें रामटेक होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. तें मत ग्राह्य धरिलें तर घरापासून दूर पडलेल्याचें गाऱ्हाणें आमच्या विदर्भास चांगलेंच जुनें आहे असें म्हणावें लागेल.

सांप्रतच्या यक्षाजवळ मोबाईल असतो. यवतमाळ जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळी आटोपली कीं जीं सहस्रावधि कुटुंबें बाहेर पडतात, त्यांपैकीं प्रत्येकाच्या गांठोड्यांत हें यंत्र सांपडतें. आपल्या घरचे मुलगेही पुणें, बंगळूर, फार काय अमेरिकेपर्यंत पोंचले आहेत, व त्यांच्याही हातांत तेंच यंत्र आहे. यंत्र एकच, पण तें दोघांना सारखेंच उपयोगीं पडतें काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. देशांतर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. परंतु २०११ च्या जनगणनेंत आपलें मूळ ठिकाण सोडून दुसरीकडे राहणारे असे जे सुमारें ४५ कोटी लोक मोजले गेले, त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक होती, व त्यांच्या स्थलांतराचें मुख्य कारण विवाह हें होतें. म्हणजे या देशांतील सर्वांत मोठा स्थलांतरित वर्ग आपल्या माजघरांतच वावरत आहे! सासरीं आलेली मुलगी पूर्वीं माहेरच्या पत्राची वाट पाहत असे आणि तें पत्रही आधीं सासऱ्यांच्या हातीं पडे. आज ती स्वयंपाक करितां करितां आईशीं बोलते. या बदलाचें मोल पुरुषांस पुरतेपणीं कळणें कठीण. आमच्या घरांतील स्त्रियांस विचारिलें तर त्या एका वाक्यांत सांगतील.

आतां जिल्ह्याकडे वळूं. पुसद, दिग्रस, महागांव, उमरखेड, दारव्हा या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. ‘तांडा’ या शब्दाचा मूळ अर्थच चालता काफिला असा आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे लोक अर्धा हिंदुस्थान पालथा घालीत. सैन्यांना रसद पुरवीत. पुढें आगगाड्या झाल्या, पक्क्या सडका झाल्या आणि त्यांचा पिढीजाद धंदा बुडाला. त्यांतच १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला व कित्येक ठिकाणीं फिरस्ता असणें हाच संशयाचा विषय होऊन बसला. तेव्हां जे कधीं एका जागीं बसले नव्हते ते डोंगरउतारावर वस्ती करून शेतकरी झाले. याच समाजांतील, पुसद तालुक्यांतील गहुलीचे, वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि मजुराला गांवापाशींच काम मिळावें म्हणून रोजगार हमीची योजना १९७२ च्या दुष्काळांत त्यांच्याच कारकीर्दींत पसरली. तरीही जमीन हलकी, पाणी थोडें आणि पीक एकच पावसाळी. कापूस, सोयाबीन, तूर घरांत आली कीं पुढें मृगापर्यंत हाताला काम नाहीं. एका यंत्रानें, म्हणजे आगगाडीनें, ज्यांस स्थिर केलें, त्यांसच पोटानें पुन्हां वाटेला लाविलें.

ही वाट कोठें जाते? कांहीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत उसाच्या फडावर, कांहीं वीटभट्ट्यांवर, कांहीं पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, तर कांहीं दक्षिणेस हैदराबादेकडे. उसाच्या तोडणींत पतिपत्नींच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. मनुष्यांची मोजदाद हत्यारावरून होते, यावरूनच त्या व्यवहाराचें स्वरूप ध्यानांत यावें. हंगामापूर्वीं मुकादम कोयत्यास ‘उचल’ देतो आणि चार-सहा महिने ती फेडीत टोळी पाचटाच्या कोपींत राहते. या व्यवहारांत मोबाईल शिरला तेव्हां प्रथम मुकादमाचा फायदा झाला. पूर्वीं टोळी जमविण्यास त्याला तांडोतांडीं हिंडावें लागे. आतां घरबसल्या चार ठिकाणीं फोन केला कीं काम होतें. पण हळूहळू मजुरासही कळूं लागलें. शेजारच्या कारखान्यावर दर काय आहे, कोणता मुकादम हिशेबांत खोटा आहे, कोणत्या फडावर पाण्याची सोय नाहीं, या वार्ता आतां फडाफडांवरून फिरतात. जेथें उचल खात्यावर येते तेथें रकमेचा लेखी पुरावा राहतो. मात्र पुढील हिशेब, म्हणजे किती टन तोडला व किती खाडे झाले, हा बहुधा मुकादमाच्या वहींतच असतो, आणि ती वही कोणत्याही यंत्रांत उतरलेली नाहीं.

पैशाची कथा याहून बरी आहे. पूर्वीं परगांवीं गेलेल्याचे पैसे मनिऑर्डरीनें येत. पोस्टमन आठवड्यांतून एकदोनदां तांड्यावर यायचा, अंगठा घ्यायचा, नोटा मोजून द्यायचा व कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवायचा. कोंकणांतील किती तरी गांवें मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरींवर जगलीं. २०१६ च्या एप्रिलांत ‘यूपीआय’ ही पद्धति सुरू झाली आणि सहामाही मनिऑर्डरीच्या जागीं आज दोनशें, उद्यां पांचशें असा बारीक ओघ सुरू झाला. औषधाला पैसे लागले तर तासाभरांत येतात. सावकाराच्या दारीं जाण्याचे कित्येक प्रसंग टळतात. आफ्रिकेंतील केनिया देशांत २००७ सालीं ‘एम-पेसा’ नांवाची अशीच सोय निघाली, तीही शहरांतील चाकरमान्यानें खेड्यांतील घरीं पैसे धाडावे या गरजेंतूनच वाढली. तेथील कित्येकांचें बँकेंत खातें नव्हतें, पण फोन होता.

तथापि एक फरक आम्हांस जाणवतो तो सांगतों. मनिऑर्डर जिच्या नांवें येई तिच्याच हातांत रोकड पडे. मग ती आई असो वा पत्नी. आतां रक्कम खात्यांत येते, खातें फोनाशीं बांधलेलें असतें, आणि फोन घरांत ज्याच्या हातीं असेल तो पैशाचा धनी होतो. तो बहुधा थोरला मुलगा वा दीर असतो. ज्या घरांत स्त्रीच्या हातीं स्वतःचा फोन आहे व तिला आंकडे वाचतां येतात, तेथें तिचा मान वाढला आहे. जेथें नाहीं, तेथें पूर्वींच्या पोस्टमनानें दिलेला आधारही गेला. साक्षरतेचें महत्त्व आम्ही पस्तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. इतका रोकडा दाखला त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हता.

निरोपाच्या बाबतींत या यंत्रानें जें केलें तें मात्र निःसंशय थोर आहे. टपालाला अक्षर लागे. तारेला तर अक्षराबरोबर दामही लागे. आणि ती तारही जुलै २०१३ मध्यें या देशांत कायमची बंद झाली. ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें आपलें दुःख दुसऱ्याच्या लेखणींतून सांगावयाचें, हा शतकानुशतकांचा नियम होता. आतां लिहितां न येणारी आजीही बटण दाबून आपल्या आवाजांत, आपल्या गोरबोलींत निरोप पाठविते, व तिकडे सांगली-कोल्हापूरकडच्या फडावर नातू तो तीनतीनदां ऐकतो. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत २२ भाषा आहेत. त्यांत गोरबोली नाहीं, कोलामी नाहीं व गोंडीही नाहीं. या बोलींना लिपीचा व राजमान्यतेचा जो अडसर होता तो ध्वनीच्या निरोपानें ओलांडला. भाषा टिकतात त्या बोलल्यानें, आणि परगांवीं गेलेल्या मुलाशीं बोलणें तुटलें कीं प्रथम बोली तुटते. आपल्या अमेरिकेंतील नातवंडांच्या मराठीची जी काळजी आपण वाहतों, तीच काळजी तांड्यावरची आजी वाहत असते, हें आपल्या ध्यानीं क्वचितच येतें.

आपल्या घरांविषयीं येथेंच लिहून टाकतों. परदेशस्थ मुलगा वडिलांच्या श्राद्धास पडद्यावरून उपस्थित राहतो, गुरुजी इकडे संकल्प सांगतात व तो तिकडे रात्रीं जागून तर्पण करितो, हें आतां नवलाचें राहिलें नाहीं. शास्त्रदृष्ट्या यांत कितपत ग्राह्यता आहे याचा निर्णय धर्मज्ञांनीं द्यावा. आमचें मत असें कीं, मुळींच न करण्यापेक्षां हें बरें. पण ‘रोज बोलणें होतें ना’ या समाधानावर दोन-दोन वर्षें घरीं न येण्याची जी रीति पडत आहे ती बरी नव्हे. रोज दिसणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरून आईस सारें कळतें असें म्हणतात. परंतु आईचे गुडघे किती सुजले आहेत हें त्या चौकटींत येत नाहीं, आणि तीही तें त्या चौकटींत येऊं देत नाहीं.

असो. आतां ज्या भागासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला त्याकडे येतों. निरोप आणि पैसा मजुराच्या मागोमाग धांवत गेले. त्याचा हक्क मात्र त्या वेगानें गेला नाहीं.

आधार क्रमांकाची सुरुवात आपल्याच राज्यांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं झाली. पुढें धान्य, पेन्शन, शिष्यवृत्ति, अनुदान सर्व त्यास जोडलें गेलें. पूर्वीं निरक्षर मनुष्यास ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवीत असत. आतां पदवीधरही निमूटपणें अंगठा लावतात. पण अंगठा सर्वांचा सारखा नसतो. जो कोयता धरितो, विटा उचलतो, सिमेंट कालवितो, त्याच्या बोटांवरच्या रेषा झिजतात; ठसा उमटत नाहीं, व यंत्र ‘जुळत नाहीं’ एवढेंच सांगतें. म्हणजे ज्यानें सर्वांत अधिक अंगमेहनत केली त्यासच यंत्र ओळखीत नाहीं. निवृत्त मंडळींस याची थोडी चव आहे. दर नोव्हेंबरांत आपण जिवंत आहों हें सिद्ध करण्यासाठीं २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ निघालें. म्हातारपणीं कातडी कोरडी पडते, आणि आमचाही अंगठा एका वर्षीं एका कचेरींत पांच वेळां उठला नाहीं. तेथील कारकुनानें शांतपणें सांगितलें, “गुरुजी, तुम्ही समोर आहां हें मला दिसतें, पण यंत्राला दिसत नाहीं.” त्यांत त्या कारकुनाचा दोष नव्हता. पुढें २०२१ सालीं पेन्शनरांसाठीं चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली, व अलीकडे शिधापत्रिकेच्या पडताळणीसाठींही ती आली आहे. झाली ही सोय चांगलीच झाली. मात्र तिच्यासाठीं चांगला फोन व चांगलें जाळें हवें, आणि फडावर दोहोंचीही वाण असते.

ठसा न जुळला तर दुसरा मार्ग म्हणजे फोनवर येणारा सहा आंकड्यांचा गुप्त क्रमांक. येथें खरी मेख आहे, आणि शहरांतील शहाण्यांच्या लक्षांत ती येत नाहीं. आपल्याकडे फोनचा क्रमांक वर्षानुवर्षें तोच राहतो. मजुराचा तसा राहत नाहीं. पैसे भरावयाचे राहिले कीं सिमकार्ड बंद पडतें. परमुलुखांत गेल्यावर कोणी स्वस्त नवें कार्ड देतो. फोन हरवतो, पाण्यांत पडतो, कधीं गहाणही पडतो. मग आधाराला जोडलेला क्रमांक कोणा भलत्याच्याच हातीं असतो, व गुप्त क्रमांक तेथें जातो. २०२५ च्या सप्टेंबरांत ‘लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थी स्त्रियांना दोन महिन्यांत ई-केवायसी करावयास सांगितलें गेलें. तींत स्त्रीच्या स्वतःच्या आधाराबरोबर पति अथवा पिता यांच्याही आधाराची पडताळणी होती. दोन महिने म्हणजे नेमका टोळ्या निघण्याचा काळ. मुदत पुढें वाढली खरी. परंतु फडावर गेलेल्या बाईनें पतीचा पूर्वींचा क्रमांक कोठून आणावा? आमच्या ओळखीच्या एका शेतमजूर स्त्रीच्या पतीचें कार्ड दोन वर्षांपूर्वीं बंद पडलेलें. ती चार वेळां तालुक्याच्या गांवीं गेली. चार दिवसांची मजुरी व चार वेळचें गाडीभाडें गेलें. पांचव्या खेपेस काम झालें. शिकलेल्या घरांतील बाईस हेंच काम सोफ्यावर बसून दहा मिनिटांत झालें असेल.

धान्याच्या बाबतींत सरकारनें केलेली सुधारणा मोठी आहे हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. पूर्वीं शिधापत्रिका ज्या दुकानाची, धान्य त्याच दुकानांत. मनुष्य गांव सोडून गेला कीं त्याचा वाटा बुडाला, किंवा दुकानदाराच्या वहींत ‘दिला’ म्हणून पडला. २०१९ च्या ऑगस्टांत महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांमध्यें कोठेंही धान्य उचलण्याची सोय प्रथम झाली, आणि जून २०२२ पर्यंत ती सर्व देशभर पोंचली. त्यांतही शहाणपणाची गोष्ट अशी कीं, कुटुंबाचा वाटा विभागून घेतां येतो; कमावता जोडीदार पुण्यांत आपला भाग उचलील व म्हातारी आई पुसदला आपला. दरमाणशीं पांच किलो धान्य ही कांहीं मेजवानी नव्हे, पण परगांवीं दुकानांतून विकत घेण्याचा तेवढा भार हलका होतो. हा हक्क आपणांस आहे हें किती मजुरांना ठाऊक असतें, हा निराळा प्रश्न. आम्ही बसस्थानकावर निघालेल्या एका टोळींतील सहा जणांस विचारिलें, चौघांनीं, “तिकडे आमचं कार्ड कोण चालवील, गुरुजी?” असें उलट आम्हांसच विचारिलें.

ही सोय घाईनें झाली तिचें कारण २०२० चें वर्ष होय. त्या मार्चांत देश बंद झाला आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावर, आमच्या पांढरकवड्यावरून, तेलंगणांतून उत्तरेकडे पायीं निघालेल्या माणसांची रांग लागली. त्यांच्या खिशांत फोन होते. बॅटऱ्या संपलेल्या, पण फोन होते. प्रवासाचा परवाना मिळविण्यासाठीं संगणकावर अर्ज करावयाचा होता. आधार, छायाचित्र, वैद्यकीय दाखला जोडावयाचा होता. ८ मे रोजीं जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चाललेले व थकून रुळांवरच झोंपलेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखालीं सांपडून मेले. त्यांनीं परवान्यासाठीं अर्ज केलेला होता, व उत्तर आलें नव्हतें, असें वांचलेल्यांनीं सांगितलें. १९ मे रोजीं पहाटे सोलापुराहून मजुरांना घेऊन नागपूरच्या दिशेनें निघालेली बस आमच्याच जिल्ह्यांत आर्णी तालुक्यांत ट्रकवर आदळली आणि चौघांनीं प्राण सोडला. देशांत असे मजूर किती, कोठचे व कोठें आहेत, याची यादी कोणापाशीं नव्हती. २९ जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नोंदणी व धान्य या दोन्ही बाबतींत मुदत घालून दिली, आणि २६ ऑगस्ट २०२१ रोजीं ‘ई-श्रम’ सुरू झालें. तींत ३० कोटींहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं असून प्रत्येकास बारा आंकडी क्रमांक मिळाला आहे. १९७९ च्या आंतरराज्य मजुरांच्या कायद्यानें ठेकेदारानें मजुरास छायाचित्रासह एक पासबुक द्यावें असें ठरविलें होतें. तें पासबुक आम्हीं तरी कोणाच्या हातीं कधीं पाहिलें नाहीं. शिवाय तो कायदा राज्याची सीमा ओलांडणारासच लागू होता. पुसदचा मनुष्य कोल्हापुरास गेला तर तो कायद्याच्या दृष्टीनें कोठें गेलाच नव्हता! नवी नोंद निदान असा भेद करीत नाहीं. क्रमांक मिळाला, क्रमांकामागून काय मिळतें, हें मजूर अजून पाहत आहे.

यंत्राच्या भरंवशावर मनुष्यास दाराशीं उभें केलें म्हणजे काय होऊं शकतें याचा दाखला साता समुद्रांपलीकडेही आहे. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर आश्रय मागणारांनीं आपली भेटीची वेळ फोनवरील एका ॲपमधून घ्यावी, असा नियम २०२३ मध्यें झाला. लोक मेक्सिकोंत महिनोन् महिने रोज सकाळीं तेंच बटण दाबीत बसले. २० जानेवारी २०२५ रोजीं नवीन राष्ट्राध्यक्षांनीं पदग्रहण करितांच ती सोय बंद झाली, आणि ज्यांना वेळा मिळाल्या होत्या त्या सहस्रावधि लोकांच्या वेळा पडद्यावरच रद्द झाल्या. लेखी कागद निदान हातांत तरी उरतो. जॉर्डनमधील झातारीच्या छावणींत सीरियाचे निर्वासित २०१६ पासून डोळ्याची बाहुली दाखवून किराणा घेऊं लागले. त्यांत बोटांच्या झिजण्याची अडचण नव्हती, एवढें खरें.

आपल्या जिल्ह्यांत येणारेही आहेत, हें विसरून चालणार नाहीं. वेचणीच्या दिवसांत मध्यप्रदेशांतून कापूस वेचणारे येतात. वणीच्या कोळसा खाणींच्या आसपास उत्तरेकडचे ट्रकचालक व मजूर राहतात. किराणा दुकानांत पैशाचा चौकोनी शिक्का लागल्यापासून त्यांची फसवणूक कमी झाली. भाव विचारण्यापुरती मराठी तीं मुलें फोनवरील गाण्यांतून व चित्रफितींतून शिकतात. शेतमालक व मजूर परस्परांस ‘पत्ता’ धाडतात, व टोळी थेट शेतावर उतरते. परंतु गांवांत मिसळणें म्हणाल तर तें पूर्वींपेक्षां उणेंच झालें असें आमचें निरीक्षण आहे. पूर्वीं संध्याकाळीं वेचणीवाले पारावर येऊन बसत, चिलीम मागत, दोन गोष्टी सांगत. आतां कोठ्यांतल्या उजेडांत प्रत्येकजण आपल्या गांवाशीं बोलत असतो. घर जवळ आलें आणि शेजार दूर राहिला.

शेवटीं मुलें. या विषयांत आम्हांस अधिकारानें बोलतां येईल. कार्तिकांत आईबापांबरोबर गेलेलें मूल चैत्रांत परत येतें. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें त्यास कोणत्याही शाळेंत बसण्याचा हक्क दिला आहे, व दाखला उशिरा आला म्हणून कोणी त्यास नाकारूं शकत नाहीं. स्थलांतरित मुलांसाठीं ‘शिक्षण हमी कार्ड’ निघालें. हंगामी वसतिगृहांची योजनाही झाली. पूर्वीं आम्ही हजेरीपटावर त्या मुलांपुढें पेन्सिलीनें एक बारीक खूण करीत असूं, आणि चैत्रांत तें परत आलें कीं खूण खोडून, दोन महिने संध्याकाळीं बसवून, मागचें शिकवीत असूं. २०१५ च्या सुमारास ‘सरल’ आलें, मग सर्व देशाची नोंद आली, आणि आतां प्रत्येक मुलास बारा आंकडी ओळखक्रमांक मिळूं लागला आहे. मूल हरवूं नये हा यामागील हेतु स्तुत्यच आहे. पण जुन्या शाळेनें संगणकावर नांव सोडल्याखेरीज नव्या शाळेंत तें चढत नाहीं, आणि नांव सोडावें तर इकडची पटसंख्या घटते. पटसंख्येवर संचमान्यता, संचमान्यतेवर शिक्षकाचें पद. मग कागदावर तें मूल पुसद तालुक्यांतील शाळेंतच राहतें, आणि प्रत्यक्षांत उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळीत कोपीच्या दाराशीं बसलेलें असतें. पेन्सिलीच्या खुणेंत निदान तें गेलें आहे एवढें तरी आम्हांस दिसे. पद मूल गेल्यानें न घटतां मूल परत आल्यानें टिकेल असा नियम करणें अवघड नाहीं. सप्टेंबरच्या गणनेबरोबर एप्रिलचीही गणना धरिली तर पुरे.

तोंवर आमच्या वाचकांना करण्याजोगें एक लहान काम आहे. आपल्या घरीं कामास येणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या, तांड्यावरून दुधाला येणाऱ्या माणसांपैकीं जो यंदा बाहेर पडणार असेल, त्याच्याजवळ दसऱ्यापूर्वीं अर्धा तास बसावें. आधाराला कोणता फोन जोडला आहे तो पाहावा. तो चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास तालुक्याच्या गांवीं आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घेण्यास सांगावें व त्याच खेपेस बोटांचे ठसेही नव्यानें द्यावयास सांगावे, कारण पावसाळ्यानंतर, कोयता हातीं धरण्यापूर्वीं, ते बरे उमटतात. शिधापत्रिकेचा क्रमांक व ई-श्रमचा क्रमांक फोनांत न ठेवतां कागदावर ठळक अक्षरांत लिहून पिशवींत द्यावा. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं हें करावें; त्यांना तें आपल्याहून लवकर जमतें. फेब्रुवारींत फडावरून हें काम होत नाहीं. तालुक्याला जावयाचें म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते आणि मुकादम वहींत खाडा मांडतो.